सभासद नंबर एकशे बेचाळीस

२ डिसेंबर २०२४, कोल्हापूर

प्रकल्पासाठी सरांनी निळ्या पुठ्ठ्याची वेगळी वही दिली आहे. तिच्यात तारीख, गाव, किती म्हशी, किती नमुने एवढंच लिहायचं. बाकीचं जे साचेल ते या वहीत.

आज कामावर रुजू झाले. एम.एस्सी. होऊन तीन वर्षं झाली आणि आता कुठे स्वतःच्या विषयातलं काम मिळालं. काम असं: म्हशींना ब्रुसेल्ला नावाचा जंतू लागतो आणि म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. तोच जंतू माणसालाही लागतो, कच्च्या दुधातून, नाहीतर मेलेलं रेडकू आणि त्याच्यामागून पडणारी वार उघड्या हातांनी ओढल्यामुळे. माणसाला ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात. डॉक्टर कधी टायफॉईड म्हणतात, कधी अशक्तपणा. तपासतं कोण? आम्ही तपासणार. नेसरीजवळचं एक गाव निवडलं आहे, त्यातली एकसष्ट घरं. आधी म्हशींचं रक्त, मग म्हैस बाधित निघेल त्या घरातल्या माणसांचं.

उदयसिंह सर म्हणाले, "संघप्रिया, या प्रकल्पाचा कणा तू आहेस." अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा कणा. पण खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. आईला फोन करून तेच वाक्य दोनदा सांगितलं.

५ डिसेंबर

गावातला पहिला दिवस. सोबत कृष्णात, तिथलाच, जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला. म्हशीच्या मानेची शीर त्याला डोळे मिटूनही सापडते. मला बघून मात्र म्हशी शिंगं हलवतात.

चौथं घर शालूबाईंचं. साठीच्या असतील, नवरा नाही, मुलगा पुण्याकडे कंपनीत, घरात त्या, सून तेजस्वी आणि दोन म्हशी. मी दारात उभी राहिल्याबरोबर विचारलं, "पावणं कुठलं म्हनायचं?" कोल्हापूर म्हटलं. "नाव?" सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. त्यावर त्या जराशा थांबल्या. हे थांबणं मी लहानपणापासून ओळखते, घड्याळ लावून मोजू शकेन. मग त्या आत वळून म्हणाल्या, "तेजस्वी, चार कप टाक." आणि सगळ्यांना आला त्याच कपात मलाही चहा आला. कृष्णात बशीत ओतून पीत होता, मीही तसाच प्यायले.

त्यांची थोरली म्हैस गेल्या माघात गाभडली होती. रेडकू शालूबाईंनी ओढून काढलं आणि वार तेजस्वीनं उचलून उकिरड्यात पुरली. हातमोजे वगैरे काही नाही. "मोजं कशाला? आपलंच जनावर हाय की," शालूबाई म्हणाल्या. मी वहीत 'जोखमीचा घटक: उपस्थित' असं लिहिलं.

संमतीच्या कागदावर अंगठा द्यायच्या आधी त्यांनी एकच विचारलं. "ह्ये गावात कुनाला कळंल का? संस्थेत दूध घालतो आमी. त्येच्यावरच घर हाय."

मी म्हटलं, "मावशी, नाव कुठंच येणार नाही. शब्द देते."

१० डिसेंबर

पहिल्या फेरीत माझा पार फज्जा उडाला. प्रत्येक घराला एक ते एकसष्ट असा गुप्त क्रमांक दिला होता आणि त्याची चिठ्ठी घरात जपून ठेवायला सांगितली होती. आज पुन्हा गेले तर अर्ध्या चिठ्ठ्या गायब. एकीनं चिठ्ठीनंच चूल पेटवलेली. दोन भावांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झालेल्या. एका गल्लीत तीन धोंडुबाई, तिघींच्याही दोन दोन म्हशी. रक्ताची नळी कुणाची आणि म्हैस कुणाची काही कळेना. रडायचीच बाकी होते.

तेवढ्यात लक्षात आलं की दूध संस्थेचा सभासद नंबर प्रत्येकाला तोंडपाठ आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालताना तो सांगावाच लागतो. आपलं वय न सांगता येणारी म्हातारीसुद्धा नंबर घडाघडा सांगते. मग मी सगळ्या नळ्यांवर तोच घातला. नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. शालूबाई एकशे बेचाळीस. संस्थेचे चेअरमन गणपतराव अर्थातच नंबर एक. एक तासात सगळा गोंधळ मिटला.

सरांना फोनवर सांगितलं. "ब्रिलियंट," म्हणाले. आज मी स्वतःवर जाम खूश आहे.

१६ डिसेंबर

चाचणी सोपी असते. पांढऱ्या फरशीवर रक्तातल्या पाण्याचा थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा थेंब, दोन्ही कालवायचे आणि चार मिनिटं हलवत राहायचं. थेंब गुळगुळीत राहिला तर ठीक, दाणे धरले तर बाधा. एकसष्टपैकी नऊ घरांच्या म्हशींनी दाणे धरले. एकशे बेचाळीसनं तर मिनिटभरातच धरले. नंबर एकनंही.

ही नुसती चाळणी आहे. रेडी लहान असताना लस दिली असेल तरी दाणे धरतात. म्हणून नऊही नमुने दुसऱ्या, नेमक्या चाचणीला पाठवले. निकालाला तीन-चार आठवडे लागतील. तोवर यादी सर आणि मी, दोघांपाशीच.

१९ डिसेंबर

नऊ घरांना एकेकटं गाठून सांगितलं: दूध उकळून प्या, म्हैस वेगळी बांधा, गाभडली तर उघडा हात लावू नका. गणपतरावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून कुनाकुनाचं निघालं?" मी सांगितलं नाही. हसले. "बरोबर हाय पोरी, सांगू नगंस," म्हणाले. चांगला माणूस वाटला.

शालूबाई ऐकून खाली बसल्या. म्हशीचं नाव चंद्रा आहे हे मला आज कळलं. "म्हंजे तिचं पोर गेलं ते ह्येच्यानंच?" बहुतेक, म्हटलं. जेवायला ठेवून घेतलं, भाकरी आणि झुणका. तेजस्वी हल्ली गोठ्यात बसत नाही, शेणाच्या वासानं मळमळतं म्हणे. बारावीला शहरात शिकलेली आहे, त्याची ऐट असेल. चिंच मात्र मूठ मूठ खात होती.

२३ डिसेंबर

मी मूर्ख आहे. तेजस्वीला तिसरा महिना आहे.

आज ती मला सोडायला एस.टी.च्या फाट्यापर्यंत आली आणि तिनंच सांगितलं. मागच्या चैत्रात चौथ्या महिन्यात एकदा गेलं होतं, चंद्रा गाभडली त्यानंतर दोन महिन्यांनी. आणि आता पंधरा दिवस संध्याकाळी ताप येतो, पहाटे घामानं पोलकं भिजतं. आत्तीला, म्हणजे सासूला, तापाचं सांगितलेलं नाही. "ऊन बाधलं आसंल म्हनतो मी," म्हणाली. डिसेंबरात ऊन.

मी तिला सरळ सांगितलं की म्हशीला आहे तेच तुला असू शकतं. असलं तर पोटातल्या बाळाला धोका आहे, आणि वेळेवर औषध चालू झालं तर वाचायची चांगली आशा आहे. ती फाट्यावरच्या दगडावर टेकली. मग म्हणाली, "अक्का, रक्त देतो. पर आत्तीला मी सांगतो, तू नगो सांगू." ४ जानेवारीला द्यायचं ठरलं. आज घ्यायला हवं होतं, पण माणसांच्या नळ्या मी आणल्याच नव्हत्या. आधी म्हशी, मग माणसं, असं सरांच्या आराखड्यात आहे.

३० डिसेंबर

सरांनी तक्ता मागितला, सभासद नंबर आणि निकाल. जनजागृतीच्या बैठकीची तयारी म्हणे. टक्केवारी काढायची असेल. लगेच पाठवला, रंग घालून. नऊ ओळी गुलाबी केल्या. छान दिसतो.

३ जानेवारी २०२५

कृष्णातचा फोन.

काल गावात बैठक झाली. मला न सांगता. सर गेले होते, पुष्पगुच्छ घेऊन परत आले. आज सकाळी संस्थेच्या भिंतीवर, दूध मोजतात त्याच्या वरच, माझा तक्ता चिकटवलेला. वर मथळा 'खबरदारी'. त्या नंबरांचं दूध आज घेतलं नाही. शालूबाई किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. नंबर सांगितला तर दूध मोजणारं पोरगं म्हणालं, "आज्जी, बाजूला व्हा." अख्ख्या रांगेसमोर.

कृष्णातनं फोटो पाठवला. माझाच गुलाबी रंग. मोजल्या, आठ ओळी. पुन्हा मोजल्या. नंबर एक नाही.

दुपारभर सरांना फोन लावला, उचलत नाहीत. मला फसवलं. दुसरा शब्द सुचत नाही आणि शोधायचाही नाही. ज्या माणसाच्या एका शाबासकीवर मी आईला फोन करत होते त्यानं माझ्याच हातानं माझा गळा धरला.

४ जानेवारी

ठरल्याप्रमाणे गेले. नळ्या घेऊन.

शालूबाई दारातच बसल्या होत्या. उठल्या नाहीत. पाणी दिलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते कारण तेच, जुनं. ते असतं तर बरं झालं असतं, त्याची मला सवय आहे. पण ते नव्हतं.

मी बोलायला लागले. सरांनी केलं, मला ठाऊक नव्हतं, मी नाव कुठंच लिहिलं नव्हतं, नुसता नंबर होता. त्या ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "एकशे बेचाळीस म्हंजी कोन ह्ये गावातल्या शेंबड्या पोराला म्हाईत हाय. लगीन होऊन आल्यापास्नं त्योच माझा नंबर हाय. त्यो तू कागदावर घातलास. तुज्या सरानं न्हवं."

पण हा आरोप माझ्यावर का? भिंतीवर कुणी लावला?

तेजस्वी आतल्या चौकटीला टेकून उभी होती. मी नळ्यांची पिशवी जरा वर केली. तिनं सासूकडे पाहिलं आणि आत गेली.

"तिचं रक्त न्हाई मिळायचं," शालूबाई म्हणाल्या. "म्हशीचं दिलं तर दूध बंद केलासा. सुनंचं दिलं तर तिला कुटं हुबी करू?"

६ जानेवारी

सर भेटले. चहा मागवला माझ्यासाठी. मी घेतला नाही, मग वाटलं घ्यायला हवा होता, चेहऱ्यावर फेकता आला असता. हे फक्त लिहिते आहे. प्रत्यक्षात मी समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"नावं मी दिलेली नाहीत," सर म्हणाले. "तुझ्या तक्त्यात जे होतं तेच दिलं. संस्थेच्या परवानगीनं गावात शिरलो, त्यांनी निकाल मागितला."

"सर, ती चाळणी आहे. नेमका निकाल अजून यायचा आहे."

"खबरदारी घेतली तर नुकसान काय?"

"आणि नंबर एक कुठे गेला?"

इथे त्यांनी चष्मा पुसला. "संघप्रिया, आपल्याला त्या भागात अजून तीन वर्षं काम करायचं आहे."

गरोदर बाईचं सांगितलं. "तिनं संमती दिली नाही ना? मग आपला विषय संपला. जबरदस्ती नीतीत बसत नाही." नीती हा शब्द त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारला.

संध्याकाळी राजीनामा लिहिला. पाठवला नाही. पाठवला तर तेजस्वीपर्यंत जायला माझ्याकडे काही कारणच उरत नाही, असं स्वतःला सांगितलं. ते खरं आहे, आणि मला दुसरी नोकरी नाही हेही खरं आहे.

१३ जानेवारी

नेमके निकाल आले. नऊपैकी सहा खरे, तीन खोटे. खोट्यांपैकी एक ज्ञानू म्हणून आहे, त्याच्या म्हशीला लहानपणी लस दिली होती. दहा दिवस त्यानं दूध गटारात ओतलं. एकशे बेचाळीस खरा. नंबर एकही खरा, आणि त्याचं दूध रोज संस्थेत जातं आहे.

मी निकाल सरांना पाठवले आणि वर लिहिलं की तीन घरांची माफी मागायला हवी. उत्तरादाखल अंगठा आला.

१५ जानेवारी

काल संक्रांत. गेल्या महिन्यात शालूबाई म्हणाल्या होत्या, तीळगूळ घ्यायला ये. गेले नाही, कुणी बोलावलंही नाही.

कृष्णात सांगतो की चंद्रा विकली. बाजारात दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाला तरी, आजाराचं न सांगता. तिकडे आता कोण तिची धार काढतं आहे कुणास ठाऊक. आधी मला शालूबाईंचा संताप आला. निदान हे तरी करायला नको होतं, मी इतकं समजावून सांगितलं होतं. मग वाटलं, दूध घेत नाहीत, सांगून विकली तर कुणी घेत नाही, मग त्या बाईनं करायचं काय? तरी राग गेला नाही. दोन्ही एकदमच आहेत.

तेजस्वीला माहेरी पाठवलं आहे, इचलकरंजीजवळ कबनूरला. "गावात लोक इचारत्यात," म्हणून.

१९ जानेवारी

कबनूरला जाऊन आले. तेजस्वीचं माहेर म्हणजे खाली यंत्रमाग, वर दोन खोल्या. दिवसभर खडखडाट. तिथे हळू बोलताच येत नाही, ओरडावं लागतं, आणि आमचं बोलणं ओरडून बोलायचं नव्हतं. शेवटी मागच्या पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिलो.

वाळली आहे. ताप आहेच. मी म्हटलं आता देतेस का रक्त.

"आनी नळीवर काय घालनार? माझा कुटला नंबर?"

मग घरून लिहून आणलेली चिठ्ठी दिली. तिच्यावर चाचणीचं नाव, डॉक्टरांना काय सांगायचं ते, एवढंच. प्रकल्प नाही, माझी सही नाही. म्हटलं, माझ्याकडे नको देऊस. इचलकरंजीत कुठल्याही डॉक्टरांकडे जा, काहीही नाव सांग, मला कळवूही नकोस. पण या आठवड्यात जा. पाचवा लागतोय.

तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. "बुधवारी जातो," म्हणाली. "आत्तीला इचारून."

जाईल. शिकलेली मुलगी आहे. परतीच्या बसमध्ये पंधरा दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

३० जानेवारी

तिचा फोन नाही. मीच म्हटलं होतं कळवू नकोस, आणि आता तिनं कळवलं नाही याचा राग येतो. तीनदा नंबर काढला, लावला नाही. एकदा तरी शब्द पाळू दे.

सरांचा शोधनिबंध परिषदेला स्वीकारला गेला. माझं नाव चौथं आहे.

९ फेब्रुवारी

काल सकाळी शालूबाईंचा फोन आला. त्यांनी मला फोन केला ही पहिलीच वेळ. "कबनूरला ये," एवढंच म्हणाल्या.

माग बंद होते. तेजस्वी वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. शुक्रवारी गेलं, पाचव्या महिन्यात. दवाखान्यात म्हणे डॉक्टर म्हणाले, काही बायकांना होतं असं.

मी जिन्यातच उभी राहिले. शालूबाई खाली आल्या. मला वाटलं शिव्या देतील. मी त्याची वाटच बघत होते, खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. त्या पायरीवर बसल्या.

"तुजी चिठ्ठी तिनं मला फोनवर वाचून दावली हुती," म्हणाल्या. "मीच म्हनलं, फाड. त्या बाईचं काय बी ऐकायचं न्हाई. तिनं आपल्याला रांगेत नागडं केलं." मग माझ्याकडे वळल्या. "चिठ्ठी खरी हुती व्हय?"

मी हो म्हटलं.

"मला तुजा राग हुता. म्हनून म्हनलं. दुसरं काय कारन न्हवतं."

महिनाभर मी सरांना शिव्या घालते आहे, त्या मला घालत होत्या, आणि जिला फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं तीच वर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी रडले. त्या रडल्या नाहीत. उठून पिशवीकडे बोट केलं.

"नळ्या आनल्यास?"

त्या पिशवीत कायमच असतात. वर गेलो. तेजस्वीनं न वळताच हात पुढे केला. तो तापानं कढत होता. शीर लगेच मिळाली. मग शालूबाईंनी स्वतःची बाही वर सारली, त्यांचंही घेतलं. दोन्ही नळ्या भरल्यावर मी पेन काढला आणि थांबले. माझ्याकडे आता दुसरी पद्धत आहे, चार आकडी, कुणालाच न कळणारी. मी ती सांगायला लागले.

"नाव घाल," शालूबाई म्हणाल्या. "दोघींचं बी. आता झाकायला काय ऱ्हायलंय?"

मी नाव लिहिलं.

"गाव बी घाल."

गावही लिहिलं. त्यांनी नळी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. वाचता येत नाही त्यांना, तरी अक्षरावरून बोट फिरवून बघितलं आणि मग मला परत दिली.